काचेवरची फिल्म, बदललेले दिवे आणि दुकानात न सांगितला जाणारा कायदा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

काळ्या काचा आणि डोळे दिपवणारे दिवे यांच्याविरुद्ध पुण्यात वाहतूक पोलिसांची मोहीम अधूनमधून निघते, चार दिवस चौकाचौकांत फिल्म सोलून काढल्याची छायाचित्रे छापून येतात आणि मग सारे पुन्हा पहिल्यासारखे सुरू होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘यांत्रिक मोटारगाडी’ या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून माझी सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक नवी गाडी घेतली की काचेला कोणती फिल्म लावू, दिवे बदलून घेऊ का, असे विचारायला घरी येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना कायदा मोडायचा नसतो. उन्हाचा त्रास कमी व्हावा आणि रात्री रस्ता नीट दिसावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. परंतु कायदा नेमका काय म्हणतो हे त्यांना ना शोरूममध्ये सांगितले जाते, ना अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात; ते पहिल्यांदा कळते चलान हाती पडल्यावर. ही माहिती ग्राहकाला पैसे मोजण्यापूर्वी मराठीत मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे आणि त्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिला गोंधळ असतो तो हा कायदा कोणाचा, याबद्दल. ‘गोव्यात चालते, कर्नाटकात चालते, मग इथेच का अडवतात?’ असे मला हमखास विचारले जाते. मोटार वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. संसदेने केलेला मोटार वाहन अधिनियम, १९८८ देशभर लागू आहे आणि वाहनाची बांधणी, काचा, दिवे, ब्रेक यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याच्या कलम ११० ने केंद्र सरकारला दिला आहे. कलम १११ खाली राज्याला जे नियम करता येतात ते या बाबी वगळून. त्यामुळे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये काचांबद्दल आणि दिव्यांबद्दल जे लिहिले आहे ते पणजीत, बेळगावात आणि पुण्यात सारखेच आहे. राज्याच्या हाती अंमलबजावणी असते आणि कलम २०० खाली जागेवर तडजोडीने घ्यायच्या दंडाची रक्कम ठरवणे असते. दंडाच्या रकमेत राज्याराज्यांत फरक दिसतो तो यामुळे. एखाद्या राज्यात पोलीस अडवत नाहीत याचा अर्थ तिथे परवानगी आहे असा होत नाही.

दुसरा समज परदेशातून येतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे अशी घरे कोथरूड-बाणेरच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. तिथे काचेवरच्या फिल्मची मर्यादा प्रत्येक राज्य आपली आपण ठरवते. कॅलिफोर्नियात पुढच्या दारांच्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा लागतो, तर टेक्सासमध्ये २५ टक्के पुरतो. तिथले व्हिडिओ पाहून इथे माल मागवणाऱ्याने एवढे जरूर लक्षात घ्यावे की टेक्सासमधली रीतसर काच पुण्याच्या रस्त्यावर सरळसरळ बेकायदा आहे.

आता आपल्याकडचा नियम पाहू. केंद्रीय नियमांतील नियम १०० असे सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. फिल्म विकणाऱ्यांनी याचा अर्थ अनेक वर्षे असा लावला की मर्यादेत बसेल एवढी फिल्म वरून चिकटवायला हरकत नाही. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी हा अर्थ अमान्य केला. काळ्या काचांच्या आड होणारे गुन्हे हा त्या याचिकेचा मुद्दा होता. न्यायालयाने स्पष्ट केले की नियमातली टक्केवारी कारखान्यातून तयार होऊन आलेल्या काचेची आहे, आणि तयार काचेवर नंतर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा अन्य कोणतेही साहित्य लावता येणार नाही. हा आदेश ४ मे २०१२ पासून देशभर लागू झाला. नुसती पावती न फाडता फिल्म जागेवरच काढून टाकावी, असेही त्यात पोलिसांना सांगितले होते. निकालात बदल करून घेण्यासाठी फिल्मच्या व्यवसायातील मंडळी पुन्हा न्यायालयात गेली. त्यांचे अर्ज ऑगस्ट २०१२ मध्ये फेटाळले गेले.

इथपर्यंतची हकिकत पुष्कळांनी ऐकलेली असते. त्यापुढची अर्धवट पसरली आहे आणि सध्या दुकानांतून तिचाच आधार घेतला जातो. केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम १०० मध्ये दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२१ पासून अमलात आली. तिच्यामुळे सुरक्षा काचेच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ ही संज्ञा नियमात आली आणि भारतीय मानक २५५३ च्या दुसऱ्या भागाच्या २०१९ सालच्या आवृत्तीचा हवाला दिला गेला. आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही या व्याख्येत बसते. या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निकाल दिला की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी, मानकाप्रमाणे असलेली फिल्म वापरल्याबद्दल दंड करता येणार नाही, कारण २०१२ चा निकाल जुन्या नियमावर आधारलेला होता.

हा निकाल महत्त्वाचा आहे, यात वाद नाही. पण त्यावरून ‘आता फिल्म कायदेशीर झाली’ असे पुण्यातल्या ग्राहकाला सांगणे ही त्याची दिशाभूल आहे. केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय महाराष्ट्रावर बंधनकारक नसतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे त्याचा दाखला देता येतो, इतकेच. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे देशातल्या प्रत्येक न्यायालयावर बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रातले पोलीस आजही त्याच्याच आधारे कारवाई करतात. शिवाय केरळच्या न्यायालयानेही काळ्या काचेला मोकळीक दिलेली नाही. मर्यादा तीच, ७० आणि ५०. सिंहगड रस्त्यावर किंवा औंधात ज्या गाड्यांच्या आत माणूस आहे की नाही हेसुद्धा दिसत नाही, त्या केरळातही नियमात बसणार नाहीत.

या टक्केवारीतली खरी फसगत हिशेबाची आहे. माझ्या पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात नवी गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या अ‍ॅक्सेसरीज विभागाने चारही दारांना ‘७० टक्केवाली, आरटीओ अप्रूव्ह्ड’ फिल्म लावून दिली. ‘काका, मर्यादा ५० ची आहे आणि आपण ७० ची लावली, म्हणजे वीस टक्के जास्तच झाले की,’ असे तो मला समजावत होता. फिल्म काचेवर लागते आणि काच मुळातच शंभर टक्के प्रकाश सोडत नाही, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. दाराची हिरवट काच समजा ७० टक्के प्रकाश आत सोडत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येणारा प्रकाश सत्तराच्या सत्तर टक्के, म्हणजे ४९ टक्के उरतो. मर्यादा तिथेच ओलांडली गेली. पुढच्या काचेचे गणित तर याहून कडक आहे. ७५ टक्क्यांच्या काचेवर तीच फिल्म लावली की ५२ टक्के हाती येतात आणि पाहिजेत ७०. पुढच्या आणि मागच्या काचेवर जवळजवळ कोणतीही रंगीत फिल्म या हिशेबात बसत नाही. त्याच्या बिलावर पाहिले तर फिल्मचे नाव नाही, टक्केवारी नाही. ‘अ‍ॅक्सेसरी किट’ एवढे दोन शब्द आणि रक्कम.

‘आरटीओ अप्रूव्ह्ड’ या शिक्क्याबद्दलही सांगितले पाहिजे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे काम वाहनांची नोंदणी, परवाने आणि तपासणी हे आहे. वाहनांना आणि त्यांच्या भागांना चाचणी घेऊन मान्यता देण्याचे काम नियम १२६ मध्ये नेमलेल्या संस्थांचे आहे, आणि त्यांतली एक, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), आपल्या पुण्यातच वेताळ टेकडीवर १९६६ पासून उभी आहे. दुकानदाराने मान्यतेचे नाव घेतले की ग्राहकाने चाचणीचा कागद मागावा. बहुतेक वेळा तो नसतोच.

उन्हाचा त्रास खरा आहे. एप्रिल-मेमध्ये हिंजवडीच्या मोकळ्या मैदानात दिवसभर उभी राहिलेली गाडी संध्याकाळी उघडली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, हे मी जाणतो. पण थंडावा आणि काळोख एकत्रच यावे लागतात असे नाही. पुढची काच दोन थरांत प्लास्टिकचा पडदा दाबून केलेली असते आणि ती अतिनील किरण बहुतांशी अडवते. बाजूच्या काचा तेवढे अडवत नाहीत. म्हणून नवी गाडी घेतानाच कारखान्यातून उष्णता आणि अतिनील किरण रोखणाऱ्या काचा येणारे मॉडेल निवडावे. अशा काचेच्या कोपऱ्यात निर्मात्याचे नाव आणि मानकाची खूण कोरलेली असते, तिच्यावर वाद होत नाही. गाडी उभी असताना पुढे चंदेरी पडदा लावावा. दारांना चिकटवायची जाळी गाडी चालू असताना लावू नये, असे माझे मत आहे, कारण निकालात ‘अन्य कोणतेही साहित्य’ असे शब्द आहेत. आणि मुख्य म्हणजे चौकात रस्ता ओलांडणारा माणूस ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे पाहून ठरवतो की हा थांबणार की नाही. काळ्या काचेमागचे डोळे त्याला दिसत नाहीत. रात्री पावसात उजव्या आरशाकडे पाहताना खुद्द ड्रायव्हरलाही काळ्या काचेतून मोटारसायकल उशिरा दिसते.

दिव्यांचा विषय मला काचांपेक्षा गंभीर वाटतो, आणि त्याबद्दल जागरूकता मात्र फार कमी आहे. काळी काच पोलिसाला दिवसाढवळ्या दिसते. चुकीचा दिवा रात्री समोरून येतो, डोळ्यांपुढे अंधारी आणतो आणि निघून जातो; त्याची तक्रार कोण कोणाकडे करणार? कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर किंवा खडकवासल्याच्या पुढे डोणज्याकडे जाणाऱ्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर रात्री दुचाकीने जाऊन पाहिल्याशिवाय हा त्रास कळत नाही. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाच्या डोळ्यांत तर प्रकाश पसरतो, आणि त्या झोतातून बाहेर आल्यावर पुन्हा नीट दिसायला त्याला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गाडी कितीतरी पुढे गेलेली असते.

याबाबत नियम १०६ इतका स्पष्ट आहे की तो प्रत्येक दुकानात लावला पाहिजे. त्यात म्हटले आहे की पुढचा दिवा असा बांधलेला, बसवलेला आणि राखलेला असावा की त्याचा झोत कायम खाली वळलेला राहील, आणि दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून ०.५ मीटर उजवीकडे व जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा कोणालाही तो दिपवणार नाही. हा १.५ मीटर उंचीचा डोळा कोणाचा, हे कळायला अवघड नाही. समोरून येणारा दुचाकीस्वार, रस्त्याच्या कडेने चालणारी बाई किंवा शाळकरी मूल, यांचाच तो डोळा आहे. दिवा किती वॅटचा, एलईडी की हॅलोजन, हे प्रश्न त्यानंतरचे. त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला समोरचे दिसते की नाही, हे नियम आधी पाहतो.

बल्ब बदलल्याने हे कसे बिघडते ते मी वर्गात विद्यार्थ्यांना दिवा उघडून दाखवत असे. अनेक गाड्यांत जो हॅलोजन बल्ब असतो त्यात दोन तारा असतात, एक अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, आणि एक डिपरची, म्हणजे खाली वळलेल्या जवळच्या झोताची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक लहानशी वाटी असते. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते, कारण तिथे पडलेला प्रकाश वर उडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे रिफ्लेक्टरचा आकार, तारेची जागा आणि ती वाटी यांचा मेळ मिलिमीटरच्या हिशेबात बसवलेला असतो. आता त्याच खोबणीत एलईडीचा बल्ब बसवला की प्रकाश निघतो चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप्समधून. उगमाची जागा आणि आकार बदलला की डिपरचा झोत भिंतीवर पाडल्यावर त्याच्या वरच्या कडेला दिसणारी स्पष्ट रेघ विस्कटते आणि डिपर दिला तरी प्रकाश वर जातच राहतो. ड्रायव्हरला वाटते की रस्ता लख्ख उजळला. प्रत्यक्षात उजळतो तो बंपरसमोरचा जवळचा रस्ता, त्याने डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचे दिसायचे ते कमीच होते.

याचा अर्थ एलईडी दिवा वाईट असा मुळीच नाही. कारखान्यातून एलईडीसाठीच बनवून आलेला दिवा उत्तम असतो, कारण त्याचे भिंग आणि रिफ्लेक्टर त्या उगमासाठी घडवलेले असतात. फरक ओळखायला भिंगावर छापलेली अक्षरे पाहावीत. ‘एचसीआर’ असे असेल तर तो दिवा हॅलोजन बल्बवर, डिपर आणि अप्पर अशा दोन्हींसाठी तपासलेला आहे. त्यात दुसऱ्या जातीचा उगम घातला की ती तपासणी निरर्थक ठरते. ऑनलाइन मागवलेल्या अख्ख्या दिव्यांत आणखी एक धोका असतो. आपण डावीकडून वाहने चालवतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो. त्यामुळे कडेचा माणूस आणि साइडपट्टी दिसते. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या दिव्यात हीच उचल उजवीकडे असते. तो दिवा इथे बसवला की ती समोरून येणाऱ्याच्या थेट तोंडावर येते आणि कितीही सेटिंग केली तरी ती जात नाही.

जास्त वॅटच्या बल्बबद्दल थोडक्यात सांगतो. गाडीसोबत येणारा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो आणि १००/९० वॅटचा दुकानात सहज मिळतो. बारा व्होल्टवर ५५ वॅटच्या बल्बला सुमारे ४.६ अँपिअर लागतात, १०० वॅटच्या बल्बला ८.३. वायर तीच, होल्डर तोच. असे जळके होल्डर मी विद्यार्थ्यांसाठी जपून ठेवले होते: पांढरे प्लास्टिक आधी पिवळे, मग तपकिरी होते, तीनपैकी एका पिनेचे भोक वितळून लांबट होते आणि वायरचे आवरण इंचभर मागे आकसून तांबे उघडे पडते. रिले टाकून वायरिंग वेगळे केले तर होल्डर वाचेल, समोरच्याचे डोळे वाचणार नाहीत. शिवाय वायरिंग कापल्याबरोबर कंपनीची वॉरंटी अडचणीत येते, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

टपावर किंवा बंपरवर लावलेले एलईडी बार हे तर सरळच नियमाबाहेर आहेत. नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच तो बसवता येतो. ताम्हिणी किंवा पानशेतच्या रस्त्याला सुटीच्या रात्री निघणाऱ्या किती गाड्यांकडे अशी परवानगी असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. रंगांबद्दल नियम १०८ आहे. पुढे लाल दिवा दाखवता येत नाही, आणि मागे लालखेरीज अन्य रंग नको. रिव्हर्सचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा आणि वळण्याचे पिवळे इंडिकेटर एवढे अपवाद. मागे लखलखणारे पांढरे किंवा निळे दिवे म्हणूनच चूक आहेत. मागची गाडी ते पाहून क्षणभर बुचकळ्यात पडते की हे वाहन येते आहे की जाते आहे. मान्यवरांच्या गाड्यांवरचे लाल-निळे दिवे १ मे २०१७ पासून केंद्राने बंद केले, तेव्हापासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही ते उतरले. रंगीत लखलखणारे दिवे आता पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका अशा तातडीच्या सेवांसाठी आहेत. तरीही खासगी गाड्यांच्या जाळीमागे लाल-निळे फ्लॅशर दिसतात आणि लोक रुग्णवाहिका समजून बाजूला होतात. काही दिवसांनी खऱ्या रुग्णवाहिकेलाही कोणी वाट देणार नाही, ही भीती मला वाटते.

शिक्षेच्या तरतुदी पुष्कळांना ठाऊक असतात त्याहून जड आहेत. कलम १७७ ही सर्वसाधारण तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड. लोकांना माहीत असते ती हीच पावती. परंतु त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये चौथे पोटकलम आहे. नियमांत न बसणारे भाग बसवून वाहनात फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बल्ब, बार आणि फ्लॅशर हे तीन फेरफार धरले तर हिशेब वाचकांनीच करावा. तिसरे पोटकलम विक्रेत्यासाठी आहे. केंद्राने सुरक्षेच्या दृष्टीने कळीचा म्हणून अधिसूचित केलेला भाग मानकाप्रमाणे नसताना विकल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड. म्हणजे विकणाऱ्यालाही जबाबदार धरता येते, हे कायद्याने मान्य केले आहे. रस्त्यावर मात्र सारा भार ग्राहकावर पडतो, आणि नाना पेठेपासून उपनगरांपर्यंतच्या दुकानांच्या काउंटरवर तोच माल दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलेला असतो.

मला दुकानदारांशी वैर नाही. माझे कितीतरी विद्यार्थी आज ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून स्वतःची दुकाने चालवतात, घाम गाळून संसार करतात, आणि ग्राहक हट्ट धरतो तेव्हा त्याला परत पाठवणे त्यांना परवडत नाही, हे मी पाहतो. म्हणूनच नियम सर्वांना सारखा लागू व्हावा. दिवे आणि फिल्म विकणाऱ्या प्रत्येकाने बिलावर मालाचे नाव, वॅट किंवा प्रकाशाची टक्केवारी आणि मानकाचा क्रमांक लिहून द्यावा, असा दंडक परिवहन खात्याने घालावा. तसे झाले तर प्रामाणिक दुकानदाराचे गिऱ्हाईक शेजारी जाणार नाही. परिवहन आयुक्त कार्यालयाने नियम १००, १०६, १०८ आणि १११ सोप्या मराठीत एका पानावर छापून ते प्रत्येक शोरूमने गाडीच्या ताब्याबरोबर द्यावे. फिल्मबाबत महाराष्ट्रात २०२१ च्या दुरुस्तीचा अर्थ खाते कसा लावते, हेही त्यात लिहावे. आज त्याविषयी चौकातला पोलीस एक सांगतो आणि दुकानदार दुसरेच.

कारवाई डोळ्यांनी अंदाज घेऊन होऊ नये. काचेतून जाणारा प्रकाश मोजणारे हातात मावणारे यंत्र असते. ते पोलिसांकडे असेल तर कारखान्यातून आलेल्या हिरवट काचेवरून होणारी हुज्जत थांबेल आणि खरोखर काळी काच असलेल्याला सबब उरणार नाही. दिव्यांची तर खासगी गाड्यांत तपासणीच होत नाही. टॅक्सी, ट्रक, बस यांना योग्यता प्रमाणपत्रासाठी यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, आणि मधल्या काळात पीयूसीवाला फक्त सायलेन्सरमध्ये नळी घालतो. त्याच वेळी पाच मिनिटे दिव्यांचा झोत पाहिला तर कितीतरी गाड्या विनादंड सुधारतील, कारण अनेकांचे दिवे मुद्दाम नव्हे, सेटिंग बिघडल्यामुळे वर लागतात. हेडलाइटजवळ बहुधा १ किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. एक टक्का म्हणजे सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली असता डिपरची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. हे कोणालाही सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने खूण करून पाहता येते. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांचे एक चाक असते. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते, तेव्हा ते चाक फिरवून झोत खाली आणायचा असतो. गाडी वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांनाही ते चाक कशाचे आहे हे माहीत नसते.

मोटारींची मानके जिथे लिहिली जातात ती संस्था, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि हे काम हातांनी शिकवणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था, असे सारे या एका शहरात आहे. पावसाळा संपला की रात्रीचे प्रवास वाढतात. त्याआधी एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्यांसाठी दोन रविवार दिवे तपासून मोफत सेटिंग करून देणारी शिबिरे या संस्थांनी मिळून भरवावीत, आणि आपल्या दैनिकाने त्यासाठी पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले काही निदेशक तिथे पाना-पेचकस घेऊन विनामोबदला यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
कोथरूड, पुणे